बंदुकीच्या दारूचा पारखी : आंत्वान लव्हाझिए

विद्यार्थिमित्रहो, आमच्या मराठी भाषेत ‘दारू’ या एकाच शब्दाने दोन निरनिराळ्या पदार्थांचा बोध होतो. एक मनुष्याच्या पोटात जाऊन त्याची बुद्धी व घरदार जाळतो. दुसरा बंदुकीच्या नळीत जळून गोळीस वेग देतो. पहिल्या दारूविषयी आपल्या शाळेत पुष्कळदा सांगण्यात येते. आज दुसरीविषयी, आणि ती पारखण्यात ज्याने आपल्या आयुष्याची सतरा वर्षे वेचली अशा एका जगद्विख्यात पुरुषाविषयी, चार शब्द सांगण्याचे योजिले आहे.

पुनावळ्याहून जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने पुण्यास जाताना दापोडी ओलांडली की खडकी लागते. तेथील दारूगोळ्याचा कारखाना 1869 साली स्थापन झाला. आपल्या परिसरातील अनेक घरांतील वडीलधारी मंडळी तेथे काम करून निवृत्त झाली आहेत. दुसऱ्या बाजूस बालेवाडीच्या क्रीडासंकुलात मुलेमुली पिस्तुलाची नेमबाजी शिकतात. सिंहगडावर सहलीस गेलेल्या प्रत्येकाने तेथील दारूकोठार पाहिलेच असेल. म्हणजे ही वस्तू आपणांस सर्वस्वी परकी नाही. परंतु दारू जळते म्हणजे नेमके काय होते, आणि एक दारू चांगली व दुसरी वाईट का, या प्रश्नांचे खरे उत्तर शोधण्याचा मार्ग ज्याने मोकळा केला, त्या आंत्वान लोरां लव्हाझिए याचे नाव आपण केवळ रसायनशास्त्राच्या पुस्तकात वाचतो. तो दारू खात्याचा अधिकारी होता, हे फारच थोड्यांस ठाऊक असते.

लव्हाझिए याचा जन्म 26 ऑगस्ट 1743 रोजी पॅरिस शहरी झाला. त्याचे वडील वकील होते व घरची स्थिती सुखवस्तू होती. तो पाच वर्षांचा असतानाच मातृसुखास अंतरला. पुढे त्याच्या मावशीने त्यास पोटच्या पुत्राप्रमाणे वाढविले. वडिलांच्या इच्छेस मान देऊन त्याने कायद्याचा अभ्यास पुरा केला व 1764 साली पदवी संपादन केली. तथापि त्याचे मन सृष्टिशास्त्रात रमले होते. गणित, ज्योतिष, वनस्पती, खनिजे व रसायन यांचे शिक्षण त्याने त्या त्या विषयातील उत्तम गुरूंपाशी घेतले. पॅरिसच्या रस्त्यांवर रात्री दिवे कोणत्या रीतीने लावावेत, यावर लिहिलेल्या निबंधाबद्दल 1766 साली त्यास राजाकडून सुवर्णपदक मिळाले, आणि 1768 साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षाच्या आतच, विज्ञान परिषदेत त्याची निवड झाली.

त्याच वर्षी त्याने आणखी एक पाऊल उचलले, आणि त्याचा परिणाम फार दूरवर पोहोचला. त्या काळी फ्रान्सचा राजा मीठ, तंबाखू इत्यादिकांवरील कर स्वतः वसूल करीत नसे. काही धनिकांची एक मंडळी त्याचा मक्ता घेई, राजास ठराविक रक्कम देई व वरचा नफा आपसांत वाटून घेई. लव्हाझिएने वारशाने आलेला पैसा या मंडळीत गुंतविला. त्यातून आलेल्या उत्पन्नावरच त्याची प्रयोगशाळा चालली हे खरे. पण गरीब प्रजा या मक्तेदारांस मनापासून शिव्याशाप देत होती, हेही तितकेच खरे. या मंडळीपैकीच एका गृहस्थाची कन्या मारी-आन हिच्याशी 1771 साली त्याचा विवाह झाला. तत्कालीन रीतीप्रमाणे ती अवघी तेरा वर्षांची होती. परंतु ही बालिका पुढे त्याची खरी सहधर्मचारिणी ठरली. पतीस इंग्रजी येत नव्हते म्हणून ती ते शिकली व शास्त्रीय ग्रंथांची भाषांतरे त्यास करून देऊ लागली. चित्रकला शिकून तिने त्याच्या उपकरणांची रेखीव चित्रे काढली आणि प्रयोगांची टिपणे ठेविली.

लव्हाझिएच्या साऱ्या शास्त्राचे मर्म एका साध्या वस्तूत होते. ती वस्तू म्हणजे तराजू. पाणी पुष्कळ दिवस उकळले असता त्याची माती होते, असे त्या काळी अनेक विद्वान मानीत. लव्हाझिएने एका बंद काचपात्रात पाणी घालून ते 101 दिवस तापविले. पात्र व पाणी त्याने आधी तोलले होते, आणि नंतरही तोलले. पाण्यात जी मातीसारखी भुकटी दिसली तिच्याइतकेच पात्राचे वजन घटले होते. म्हणजे माती पाण्याची झाली नव्हती, काचेची झिज होऊन ती आली होती. वादविवादाने जे सुटले नव्हते, ते दोन पारड्यांनी सोडविले.

आता दारूकडे वळू. बंदुकीची काळी दारू तीन पदार्थांची होते : सोरा, गंधक व कोळसा. यांत सोऱ्याचा भाग सुमारे तीन चतुर्थांश असतो. युरोपात सोरा सहजी मिळत नसे. आपल्या हिंदुस्थानात मात्र, विशेषतः बिहार प्रांती, जमिनीवरच तो फुलून येई व नोनिया जातीचे लोक तो गोळा करून शुद्ध करीत. प्लासीच्या लढाईनंतर बिहारच्या सोऱ्याचा मक्ता इंग्रजांच्या कंपनीकडे गेला. त्याच सुमारास, 1756 पासून 1763 पर्यंत चाललेल्या सप्तवार्षिक युद्धात, फ्रान्सला दारूची टंचाई भासली. पाटण्याच्या मातीतील पांढरी फूल कोणाच्या हाती, यावर युरोपातील राज्यांचे जयापजय काही अंशी अवलंबून होते, हे ऐकून आज नवल वाटते.

फ्रान्समध्ये दारू करण्याचे कामही खाजगी मक्तेदारांकडे होते. त्यांच्या वतीने सोरा खणणारे लोक वाटेल त्याच्या घरात शिरत, तळघराची व गोठ्याची जमीन उकरीत, आणि टळण्यासाठी रयतेस त्यांचे हात ओले करावे लागत. 1775 साली तुर्गो या सुधारक अर्थमंत्र्याने हा मक्ता मोडून सरकारी दारू व सोरा खाते निर्माण केले आणि चार अधिकारी नेमले. त्यांत लव्हाझिए हा प्रमुख होता. पुढील वर्षी तो पॅरिसच्या शस्त्रागारात राहावयास गेला. तेथेच त्याने आपली प्रयोगशाळा थाटली, आणि युरोपातील नामांकित विद्वानांची ती जणू यात्रेची जागा झाली.

त्याने काय केले ते पाहा. घरे खणण्याचा जुलूम कमी करण्याची तजवीज झाली. जुन्या भिंतींचा चुना, गोठ्यातील माती व लाकडाची राख यांपासून सोरा कसा काढावा, कृत्रिम वाफे करून तो कसा वाढवावा, याविषयी त्याने 1777 साली सर्वांस समजेल अशी माहिती छापविली. कच्चा सोरा वारंवार विरघळवून व स्फटिक पाडून शुद्ध करण्यावर त्याने कटाक्ष ठेविला. कारण सोऱ्यात मीठ राहिले की ते हवेतील ओल शोषते, आणि ओली दारू ऐन वेळी दगा देते. तयार मालाचा कस पाहण्यासाठी एक लहान उखळी तोफ असे. ठराविक वजनाच्या दारूने ठराविक वजनाचा गोळा किती दूर जातो हे मोजीत. कारागिराच्या शब्दावर नव्हे, तर मापावर विश्वास ठेवावयाचा, हा नियम झाला. थोड्याच वर्षांत फ्रान्सचे सोऱ्याचे उत्पादन दुपटीच्या घरात गेले, आणि ज्या देशास दारूची वाण होती त्याच देशाने अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात तेथील वसाहतींना दारू पुरविली.

परंतु याहून मोठी गोष्ट त्याने शोधिली. बंदुकीच्या बंद नळीत वारा शिरत नाही. मग दारू तेथे जळते तरी कशी? चुलीचे तोंड बंद केले तर विस्तव विझतो, हे आपल्या घरातील प्रत्येक मातेस ठाऊक आहे. 1774 साली इंग्लंडातील धर्मोपदेशक जोसेफ प्रीस्टली याने पाऱ्याच्या लाल भस्मापासून एक विलक्षण वायू काढला, ज्यात मेणबत्ती तेजाने जळे. स्वीडनच्या शेले यासही तो सापडला होता. लव्हाझिएने पारडे हाती घेऊन सिद्ध केले की, पदार्थ जळतो म्हणजे त्यातून काही निघून जात नाही, तर हाच वायू त्याशी संयोग पावतो. त्यानेच त्यास ‘ऑक्सिजन’ हे नाव दिले. आपण त्यास प्राणवायू म्हणतो. सोऱ्यापासून निघणाऱ्या तेजाबातही हा वायू आहे, हे त्याने 1776 साली दाखविले. तेव्हा गूढ उकलले : सोरा हा दारूचा भाता आहे. कोळसा व गंधक यांस लागणारा प्राणवायू तो आपल्या पोटात बाळगतो, म्हणून बाहेरच्या वाऱ्याची गरज उरत नाही.

येथे थोडे थांबून हे समजून घेऊ की, दारू निवडणे म्हणजे नुसती अधिक जोराची दारू निवडणे नव्हे. तुम्ही बंब पेटविताना आधी बारीक ढलप्या घालता व मग ओंडका. ढलप्या भुरकन जळतात, ओंडका सावकाश जळतो. दारूचेही तसेच. दाणा बारीक असेल तर जळणारा पृष्ठभाग अधिक, म्हणून ती झटकन जळते. दाणा मोठा असेल तर संथ जळते. तोफेच्या लांब नळीत गोळ्यास हळूहळू रेटा मिळत गेला पाहिजे, म्हणून तीस जाड दाण्याची दारू लागते. पिस्तुलाची नळी वीतभरही नसते. गोळी बाहेर पडण्यापूर्वी दारू जळून गेली पाहिजे, म्हणून त्यास बारीक व चपळ दारू हवी. पिस्तुलाची दारू भरमसाट तोफेत घातली तर तोफ फुटण्याचे भय. तोफेची दारू पिस्तुलात घातली तर ती अर्धवटच जळते व गोळी पुढ्यात पडते. म्हणून सर्वांत जोरकस ती सर्वांत चांगली, हा समज खोटा आहे. जी जेथे योग्य ती तेथे चांगली.

हाच धडा 1788 साली फार महाग पडला. बेर्तोले नामक रसायनवेत्त्याने पोटॅशियम क्लोरेट हा नवा क्षार शोधून काढला होता. सोऱ्याऐवजी तो घातला तर दारू अधिक जोरदार होईल, अशी आशा उत्पन्न झाली. 27 ऑक्टोबर 1788 रोजी एसोन येथील सरकारी कारखान्यात त्याची चाचणी घेण्याचे ठरले. लव्हाझिए, त्याची पत्नी व बेर्तोले हे तिघेही हजर होते. मिश्रण कुटण्याचे काम चालू असता मंडळी काही वेळ बाजूस गेली, आणि परत फिरतात तोच भयंकर स्फोट झाला. कारखान्याचा एक अधिकारी व पाहावयास आलेली एक तरुणी यांचे प्राण गेले. लव्हाझिए पतिपत्नी थोड्या अंतरावर होती म्हणून वाचली. क्लोरेटची दारू जोराची होती यात शंका नाही, पण ती कुटण्याचा साधा धक्काही सोशीत नव्हती. म्हणून सोऱ्याची जागा तिला घेता आली नाही. शक्ती किती आहे एवढेच पाहून चालत नाही, ती आवरता येते किंवा नाही हेही पाहावे लागते, हे दोन जीव गेल्यावर कळले.

पुढील वर्षी फ्रान्सची राज्यक्रांती सुरू झाली. 1789 च्या ऑगस्टात शस्त्रागाराजवळच्या धक्क्यावर दारूने भरलेली एक नाव लोकांनी पाहिली. ती दारू हलक्या प्रतीची होती. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गुलामांच्या निंद्य व्यापारात खपणारी. ती बाहेर धाडून तिच्या जागी शहरासाठी उत्तम बंदुकीची दारू आणावयाची होती. परंतु लोकांस वाटले, पॅरिसची चांगली दारू शत्रूस पोहोचविली जात आहे. जमाव खवळला, लव्हाझिए व त्याचा सहकारी यांस नगरगृहात नेण्यात आले, आणि ‘फाशी द्या’ असा ओरडा झाला. त्याने दारूच्या प्रतींतील भेद समजावून सांगितला व चौकशीत तो निर्दोष ठरला. तेव्हा कसाबसा जीव वाचला. दोन दारू डोळ्यांना सारख्याच काळ्या दिसतात, त्यांतील भेद पारख्यासच कळतो. आणि संतापलेल्या जमावास पारख करावयास सवड नसते.

त्याच 1789 साली त्याचा रसायनशास्त्रावरील प्रसिद्ध ग्रंथ बाहेर पडला. तत्पूर्वी 1787 साली त्याने व त्याच्या मित्रांनी रासायनिक पदार्थांस नवी, नियमबद्ध नावे दिली होती. आजही आपण त्याच पद्धतीने नावे घेतो. क्रांतीच्या काळातही त्याने देशसेवा सोडली नाही. ज्या मीटर व किलोग्रॅमने आपण आज बाजारात माल मोजतो, त्या दशमान मापांच्या कामातही त्याचा हात होता. 1792 साली त्याने शस्त्रागारातील घर सोडले.

परंतु करांच्या मक्त्याचे जुने पान उलटले गेले. 1793 च्या नोव्हेंबरात सर्व माजी मक्तेदारांस पकडण्याचा हुकूम सुटला. लव्हाझिए आपल्या सासऱ्यासह स्वतः होऊन हजर झाला. 8 मे 1794 रोजी सकाळी न्यायासनापुढे उभे करून त्याच दिवशी अठ्ठावीस जणांचा शिरच्छेद करण्यात आला. सासऱ्याच्या मागोमाग जावयाची पाळी आली. त्याचे वय त्या वेळी पन्नास वर्षांचे होते. मक्तेदारांच्या मंडळीने प्रजेस पिळले, ही गोष्ट नाकारता येणार नाही, आणि लव्हाझिएनेही त्या नफ्याचा वाटा घेतला. परंतु कोणाचा दोष किती व कोणाची सेवा किती, हे त्या दिवशी कोणी तोलून पाहिले नाही. ज्याने जगास तोलण्यास शिकविले, त्याच्या वाट्यास तराजू आला नाही.

त्याच्या विधवा पत्नीने जप्त झालेली पुस्तके व उपकरणे खटपट करून परत मिळविली आणि पतीचे अपुरे राहिलेले लेख छापून काढिले. त्याचा एक तरुण शिष्य, इरेने द्यू पाँ, एसोनच्या कारखान्यात दारूचे काम शिकला होता. तो कुटुंबासह अमेरिकेस गेला व 1802 साली त्याने तेथे दारूचा कारखाना काढला. तोच पुढे ‘ड्यूपाँ’ या नावाने जगभर विख्यात झाला.

काळ्या दारूचे युगही पुढे संपले. 1884 साली फ्रान्सच्या त्याच सरकारी दारू खात्यातील पोल व्हिएय याने तेजाबात मुरविलेल्या कापसापासून बिनधुराची दारू केली, आणि 1887 साली आल्फ्रेड नोबेलने नायट्रोग्लिसरीन मिसळून तिचा दुसरा प्रकार काढला. आज अमेरिकेसारख्या देशांत नेमबाजीचे शौकीन रिकाम्या पुंगळ्या जपून ठेवून परवानगीने स्वतःच पिस्तुलाची काडतुसे भरतात. त्यांच्यापुढे दारूचे अनेक प्रकार असतात. 1898 साली निघालेली ‘बुल्सआय’ ही चपळ दारू त्यांपैकीच एक. पिस्तुलाच्या सामान्य काडतुसात दारू अर्ध्या ग्रॅमहूनही कमी लागते. चपळ दारूने पुंगळीचा थोडाच भाग भरतो, म्हणून चुकून दोनदा भरली तरी ती नजरेस येत नाही, आणि मग पिस्तूल हातातच फुटते. याकरिता शहाणा मनुष्य अशी दारू पसंत करतो की जी दुप्पट पडल्यास पुंगळीबाहेर सांडावी व चूक उघडी व्हावी. तो कारखान्याने छापलेल्या कोष्टकाबाहेर जात नाही, आणि बारीक काट्यावर तोलूनच दारू भरतो. म्हणजे लव्हाझिएचा तराजू अद्याप चालूच आहे. आपल्या देशात मात्र 1959 च्या शस्त्र कायद्यान्वये परवान्याखेरीज काडतूस करणे हा गुन्हा आहे, हे ध्यानात असावे.

पालकांस येथे एक विनंती करावीशी वाटते. दिवाळीत न उडालेले फटाके उकलून त्यांतील भुकटी एकत्र करण्याचा छंद काही मुलांस असतो. एसोनच्या कारखान्यात युरोपातील श्रेष्ठ रसायनवेत्ते उभे होते, तरी तेथे अनर्थ टळला नाही. मग आपल्या अंगणातील बालकांचे काय? फटाक्यांतील भुकटी कोणत्या क्षाराची आहे हे नुसते पाहून कोणासही सांगता येत नाही. मुलांचे डोळे व बोटे ही देवाने दिलेली ठेव आहे. ती जपण्यास मुलांवर लक्ष ठेवावे.

आणि विद्यार्थिमित्रहो, तुम्हांस एवढेच सांगावयाचे की, पवित्र शास्त्रात खोट्या मापाचा निषेध व खऱ्या वजनाची प्रशंसा केली आहे, ती केवळ दुकानदारासाठी नाही. शब्द बोलण्यापूर्वी, मित्र निवडण्यापूर्वी, दुसऱ्यास दोष देण्यापूर्वी आपल्या मनाच्या पारड्यात तो तोलून पाहावा. जोराची वस्तू उत्तम असे समजू नये. योग्य जागी, योग्य मापाने लागते ती उत्तम. एवढे आपण शिकलो तर त्या दुर्दैवी पण थोर पुरुषाचे चरित्र वाचल्याचे सार्थक होईल.